मशीनला लावलेलं कुंकू

आमच्या अंबरनाथ एमआयडीसीतल्या लॅबमध्ये मॅडमचा दराराच तसा होता. नमुन्यात बाहेरचा कणही पडू नये म्हणून, कुणी चेहऱ्याला पावडर लावून आलं की दारातूनच तोंड धुवायला पिटाळत. पण दसऱ्याला त्यांनी स्वतः झेंडूचा हार आणला आणि नमुन्यातले धातू शोधणाऱ्या मशीनच्या झाकणावर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. ती मशीन लाडकीच होती आमची. आत आर्गॉन वायूच्या प्लाझ्माची ज्योत, सूर्याच्या पृष्ठभागाहूनही गरम. नमुन्याचा फवारा त्यात गेला की अणूंवर विद्युतभार चढतो आणि मशीन त्यांना वजनावरून ओळखते. ती ज्योत पेटताना बघायला मला आजही आवडतं.

दुसऱ्या दिवशी उल्हासनगरचे पापडवाले सिंधी काका रिपोर्टसाठी हजर. पापडात शिसं नाही असं लिहून मिळालं, तरच त्यांचा माल पहिल्यांदा परदेशी जाणार होता. मी आम्लात विरघळवलेला पापड मशीनला लावला, तर शिसंच शिसं! काका काचेपलीकडून माझ्याकडे बघून हसत होते.

मन मानेना. त्याच जागी मी नुसतं शुद्ध पाणी ठेवलं. त्यातही शिसं. म्हणजे पापड निर्दोष! मी वर पाहिलं. नमुन्यांच्या नळ्यांच्या बरोबर डोक्यावर ते स्वस्तिक वाळून झडत होतं. कुंकू बाजारातलं, त्यात शिशाचा लाल रंगही मिसळलेला असेल, कोण जाणे.

आता मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? मी हळूच म्हटलं, "मॅडम, पूजा जरा जास्तच पावली. नुसत्या पाण्यातही शिसं दिसतंय."

त्यांनी झाकणावरून पांढरा कागद फिरवला, लाल झालेला बघितला आणि चक्क हसल्या. मग स्वतः ओलं फडकं घेऊन पुसायला लागल्या. बाकी सगळं धुऊनपुसून आम्ही पापड नव्याने लावला. शिशाचा मागमूस नव्हता. मला तर नाचावंसं वाटलं.

मॅडमनी रिपोर्ट घेऊन बाहेर जाऊन काकांना सगळं सांगितलं. "उशीर आमच्यामुळे झाला. चूक माझी होती," त्या म्हणाल्या.

काकांनी काचेतून मशीनकडे बोट दाखवलं.

"मॅडम, इतनासा कुंकूपण पकडते ना तुमची मशीन?"

"हो."

"मग माझा पापड पास म्हणजे एकदम पक्का पास," ते म्हणाले, आणि रिपोर्ट त्यांनी दोन्ही हातांनी कपाळाला लावला.