पेट्रोल आहे का? : नागाव ते दिवेआगर

नागावहून दिवेआगरला जायचे सुखाचे मार्ग बरेच आहेत. माणसं गाडीची काच वर करून जातात, एसटीनं झोपा काढत जातात. मी बाबांच्या मोटरसायकलवरून गेले.

ही मोटरसायकल शंभर सीसीची आणि काळ्या रंगाची आहे, निदान घेतली तेव्हा काळी होती. पुढचं काम समुद्राच्या हवेनं केलं. बाबा दिवेआगरला एकटे राहतात. वादळात आडव्या झालेल्या वाडीत (म्हणजे घरामागच्या नारळ-सुपारीच्या बागेत) त्यांनी नव्यानं रोपं लावली आहेत. त्या रोपांचं खत, बोर्लीचा बाजार आणि दुपारचे पत्ते हा सगळा संसार ते या गाडीवर चालवतात. गेल्या आठवड्यात ते कुणालाही न सांगता तिच्यावर बसले, फेरीबोटीतून खाडी ओलांडली आणि नागावात माझ्या दादाच्या दारात येऊन उभे राहिले. बाप भेटायला आला म्हणून दादाला आनंद व्हायला हवा होता. त्याला घाम फुटला. त्यानं आधी चावी काढून घेतली आणि मग पाणी विचारलं.

दादाचं नागावात होमस्टे आहे. त्यातली तळमजल्याची एक खोली त्यानं बाबांसाठी कधीचीच तयार ठेवली आहे. खिडकीला जाळी, पायरीला कठडा, न्हाणीघरात धरायला दांडा. खोलीत नाही असं काही नाही, बाबा सोडून. बाबांची तब्येत ठणठणीत आहे. डॉक्टरांना त्यांच्यात काही सापडत नाही, याचीच दादाला जास्त चिंता वाटते.

भांडण ठाण्याला माझ्याकडे आलं. लांब राहणाऱ्या आणि कशातलंच काही माहीत नसलेल्या माणसाला आमच्या घरात पंच नेमतात. बरंच बोलणं होऊन असं ठरलं की गाडी मी दिवेआगरला न्यायची. ती स्वतःच्या चाकांवर पोचली तर गाडी आणि बाबा दोघंही तिथे राहतील. टेम्पोत घालून आणावी लागली तर गाडी भंगारात आणि बाबा नागावच्या त्या खोलीत. दादानं लगेच बोर्लीतला एक टेम्पोवाला सांगून ठेवला आणि त्याचा नंबर मला पाठवला. बाबांनी पापणीही न हलवता अट मान्य केली.

खरं सांगते, मी दादाच्याच बाजूची होते. त्या वळणांच्या रस्त्यावर बाबा एकटे आहेत ही कल्पना मला झोपू देत नसे. पण पंचानं असं बोलायचं नसतं.

निघायच्या सकाळी पाऊस रिपरिपत होता. बाबांनी गाडी पुसली, चेनला तेल दिलं, टाकी काठोकाठ भरून आणली. मग तेलाच्या रिकाम्या पिशवीचा तुकडा कापून टाकीच्या तोंडावर ठेवला आणि वरून झाकण दाबून चावी फिरवली.

“फेरीत लाटा उडतात,” ते म्हणाले. “टाकीत खारं पाणी गेलं तर संपलं.”

पावसाळ्यात आमच्या किनाऱ्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळत नाहीत अशी वस्तू मिळणं कठीण. मोबाईल, रेशनकार्ड, काडेपेटी, सगळं पिशवीत. गाडीला रेनकोट मिळाला. मला मिळाला नाही. दादा बाबांना आपल्या कारमध्ये बसवून रोह्याच्या बाजूनं पुढे निघाला आणि मी किक मारली.

चौलची वाडी, रेवदंडा, खाडीवरचा पूल. गाडी शहाण्यासारखी चालली होती. पूल ओलांडून कोर्लईच्या दिशेनं जरा चढ लागला, तशी तिला धाप लागली. दोनदा खोकली आणि बंद पडली.

रस्त्याच्या कडेला एक कोळीण म्हावऱ्याचा (मासळीचा) टब घेऊन रिक्षाची वाट बघत बसली होती. तिनं माझ्या चार किका बघितल्या आणि विचारलं, “काय झाला गो बाय? पेट्रोल हाय का?”

“टाकी भरून निघालेय, मावशी.”

“बघ तरी.”

टाकी भरून निघालेल्या माणसाला असं सांगितल्यावर जेवढा आनंद होतो तेवढा मला झाला. तरी मी झाकण उघडलं. तिनं आत वाकून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. “हाय गो. पलास्टिक लावलास, बरा केलास.” प्लास्टिक तिनं स्वतःच्या हातानं नीट बसवून दिलं. मग निदान केलं की पलग खराब झालाय, तिच्या लेकाच्या गाडीचा पण होतो. मी पाना काढला आणि प्लग खोलून पाहिला. चांगला तांबूस, कोरडा होता. तो आजारी असल्याचं कुठलंही लक्षण नव्हतं, पण मावशीच्या समाधानासाठी काडेपेटीच्या कडेवर घासला आणि परत बसवला. पहिल्या किकेला गाडी सुरू.

“सांगितलाव ना,” असं म्हणून मावशी टबासकट मागे बसली. रिक्षाची आता गरजच काय होती? कोर्लईच्या फाट्यावर ती उतरली. बोंबलांचा वास मात्र माझ्याबरोबर पुढे आला.

काशीदला नारळांमागून समुद्र दिसला आणि लगेच गाडी थांबली. तिला देखाव्याची आवड असावी. तिथे पर्यटकांना पाण्यातल्या स्कूटरवर फिरवणारा एक चाळिशीचा गृहस्थ गॉगल लावून बसला होता. धंदा नव्हता, त्यामुळे मदतीला वेळच वेळ.

“मॅडम, पेट्रोल है ना?”

“नाही. मी पाण्यावर चालवते.”

त्यानं हे मनावर न घेता चावी मागितली, झाकण उघडलं, गाडी दोन्ही बाजूंना हलवून डचमळ ऐकली आणि झाकण प्लास्टिकसकट परत लावलं. “फुल आहे. मग इलेक्ट्रिकलचा लोचा. खारी हवा ना मॅडम, वायरिंग पूर्ण खाऊन टाकते.” त्यानं दिव्याच्या मागचा वायरींचा गुंता बाहेर काढला, प्रत्येक वायर ओढून पाहिली, काही ठिकाणी चिकटपट्टी लावली आणि गुंता आत कोंबला. किक मारली. गाडी सुरू. त्यानं गॉगल वर करून माझ्याकडे पाहिलं. आभार मानण्यावाचून इलाज नव्हता.

त्याच्या कौशल्याचा खरा अंदाज पुढे आला. हँडल डावीकडे वळवलं की हॉर्न वाजायला लागला. कुठलीतरी वायर कुठेतरी घासत होती. ज्यांनी काशीद ते मुरुड हा रस्ता पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको की तो सरळ असा फारसा नाहीच. नांदगावात मी कुणाच्या लग्नाची वरात आणते आहे अशा नजरेनं लोक बाहेर येऊन बघत होते.

तेवढ्यात दादाचा फोन आला. मी बाजूला थांबले.

“बंद पडली का?” त्याच्या आवाजात काळजी होती आणि थोडी आशाही.

“पोहे खायला थांबलेय,” मी म्हटलं. दादाच्या बाजूची असून मी खोटं का बोलले, ते मला तेव्हा कळलं नाही.

मुरुडात शिरता शिरता गाडी तिसऱ्यांदा गेली. एका गॅरेजपर्यंत मी तिला ढकलत नेली. वळणावर इंजिन बंद असूनही हॉर्न वाजला, तेवढी वर्दी पोचली. गॅरेजातले पांढऱ्या दाढीचे चाचा हात पुसत उठले.

“ताई, पेट्रोल...”

“घ्या चावी,” मी म्हटलं.

चाचांनी झाकण काढून स्टुलावर ठेवलं, कार्बोरेटरला येणारी नळी उपसली आणि खाली बाटली धरली. पेट्रोलची जाड धार लागली. “धार तर मस्त हाय. म्हंजे कार्बोरेटरमदी कचरा.” त्यांनी कार्बोरेटर खोलला. वेळ लागणार म्हणून मी समोरच्या खानावळीत गेले. तांदळाची भाकरी, बांगड्याचं आंबट-तिखट कालवण आणि सोलकढी. या प्रवासात एकदाही बंद न पडलेली गोष्ट म्हणजे ते जेवण. परत आले तोवर गाडी जोडून तयार होती आणि चाचांनी एक आपुलकीचं कामही केलं होतं.

“टाकीचा प्लास्टिक फाटायला आलता. डबल करून लावला. आता इन्शाल्ला दिवेआगरपर्यंत काय तकलीफ नाय.” हॉर्नचं विचारलं तर म्हणाले, “वाजू दे. वळणावर वाजवायचाच असतो.”

आगरदांड्याच्या धक्क्यावर फेरीबोट लागलेलीच होती. गाडी स्टँडवर लावून मी कठड्याला टेकले. पाणी खवळलेलं होतं, दूर जंजिरा पावसात मळकट दिसत होता. खरोखरच एक लाट उडाली आणि टाकीवरून खळाळून गेली. बाबा बरोबर होते, हे मला कबूल करावं लागलं.

दिघी सोडून बोर्लीच्या वाटेला लागले आणि पुरती एकटी झाले. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला झाडी, मधे ओला रस्ता. तिथल्याच एका चढावर गाडी बंद पडली. या वेळी आधीपेक्षा फार लवकर.

आता मला सगळं येत होतं. प्लग काढून पुसला. वायरी ओढल्या. फ्यूज पाहिला, शाबूत होता. चोक दिला, काढला. पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर फिरवला. किक मारून मारून पिंढरीत गोळा आला. सकाळपासूनचं सगळं शहाणपण वापरून झालं आणि गाडी ढिम्म. डावीकडे वळवली की हॉर्न तेवढा वाजायचा.

मी फोन काढला. टेम्पोवाल्याचा नंबर वरच होता. एक बोट दाबलं की काम झालं असतं. गाडी भंगारात, बाबा जाळीच्या खोलीत, मला रात्रीची झोप. मला हवं होतं तेच. आणि मला रडू आलं. याच गाडीवर बाबांनी मला दिवेआगरच्या ओहोटीच्या वाळूवर शिकवलं होतं. मागून धरून पळत होते आणि कधी सोडलं ते सांगितलंसुद्धा नाही. मी फोन खिशात ठेवला, परत काढला, परत ठेवला.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं, या वेळी मला कुणी तो प्रश्नच विचारला नव्हता.

“काय गो बाय, पेट्रोल हाय का?” मीच मोठ्यानं विचारलं आणि रागारागानं चावी फिरवली.

झाकण निघेना. जोर लावून ओढलं, तेव्हा फुस्स झालं. चाचांचं दुपदरी प्लास्टिक टाकीच्या तोंडात खोल ओढलं गेलं होतं, मोदकाच्या पारीसारखं. झाकण उलटं करून पाहिलं. मधे एक बारीक भोक होतं. पेट्रोल खाली उतरलं की त्याच्या जागी हवा आत यावी म्हणून ते ठेवलेलं असतं. बाबांच्या पिशवीनं ते बुजलं होतं. टाकी भरलेली होती, पण आत हवा नाही म्हणून थेंब खाली उतरत नव्हता. दर वेळी कुणीतरी पेट्रोल आहे का बघायला झाकण उघडायचं, हवा आत जायची, आणि श्रेय कधी प्लगला, कधी वायरिंगला, कधी कार्बोरेटरला मिळायचं. प्लास्टिक मात्र सगळ्यांनी आठवणीनं परत लावलं होतं.

मी ते काढून खिशात घातलं. दोन-तीन किकांत गाडी सुरू झाली आणि मग थांबली नाही.

दिवेआगरच्या आळीत शेवटची सगळी वळणं नेमकी डावी आहेत. त्यामुळे मी यायच्या आधीच बाबा फाटकात उभे होते आणि त्यांच्या मागे दादा.

“बंद पडली होती?” दादानं विचारलं.

“चार वेळा.”

त्याचा हात फोनकडे गेला.

“पण आलीय स्वतःच्या चाकांवर,” मी म्हटलं आणि प्लास्टिक काढून बाबांच्या हातात दिलं. काय झालं ते सगळं सांगितलं. बाबांचा चेहरा उतरला.

“मीच घुसमटवली म्हणजे,” ते म्हणाले. “काळजीनं लावलं होतं गं.”

“काळजीनंच, बाबा.” हे बोलताना मी दादाकडे बघत होते. माझा दादा मूर्ख नाही.

“म्हणजे मी प्लास्टिक का?” त्यानं विचारलं.

“आपण दोघं. डबल केलेलं.”

त्यानं टेम्पोवाल्याला फोन लावून येऊ नको म्हणून सांगितलं आणि हॉर्नची वायर शोधायला बसला. त्याला ती सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा मला बोर्लीच्या स्टँडवर सोडायला निघाले. मी मागे बसणार तोच टाकीच्या झाकणाखालून प्लास्टिकची कड डोकावताना दिसली. मी हात पुढे केला. बाबांनी झाकण उघडून दाखवलं. पिशवीच्या मधोमध सेफ्टीपिननं पाडलेलं भोक होतं.

“पाऊस आहे अजून,” ते म्हणाले.

एसटी सुटेपर्यंत ते स्टँडवर थांबले, पोचल्यावर फोन कर म्हणाले आणि हॉर्न वाजवत वळून गेले. त्यांना जाताना बघून मला काळजी वाटलीच. ती आता राहणार, असं दिसतं.

ठाण्याला परतल्यावर काही दिवसांनी बाबांशी बोलत होते. दादा पूर्वी त्यांना रोज संध्याकाळी फोन करायचा आणि जेवलात का, गोळी घेतलीत का, दार लावलंत का, बाहेर कशाला गेला होतात, अशी उलटतपासणी घ्यायचा. आता काय विचारतो, असं मी विचारलं.

“एकच विचारतो,” बाबा म्हणाले. “पेट्रोल आहे का?”

“मग तुम्ही काय सांगता?”

“सांगतो, थांब, बघून येतो. आणि झाकण उघडून येतो.”