आधी पेट्रोल, मग करंट

गाडी बंद पडली की अक्का आधी हातातल्या बांगड्या काढून खिडकीत ठेवायच्या. मग पदर खोचून म्हणायच्या, "आधी पेट्रोल, मग करंट, मग देव. हा क्रम चुकवायचा नाही."

मेहरूणला त्या माझ्या शेजारी राहत. असोद्याकडच्या खेड्यांत नर्स होत्या. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे मोटरसायकलवर बाई दिसायची ती नवऱ्याच्या मागे, एका बाजूला पाय सोडून. अक्का पुढे बसायच्या. गाडी त्यांच्या भावाची, धुळ्याहून आणलेली, आधीच दहा-बारा पावसाळे खाल्लेली. आठवड्यातून एकदा तरी ती अडून बसे. मग अक्का अंगणात गोणपाट टाकून तिच्यापुढे बसत, आणि तुमच्या-माझ्यासारखे जाणारे-येणारे थांबून बघत. एकाने विचारलं, "मेकॅनिक बोलवू का?" अक्का मान वर न करता म्हणाल्या, "बोलवा. त्यालाही शिकवते."

पण हे शिकणं हौसेचं नव्हतं. त्यांनी ते मला एकदाच सांगितलं, प्लग घासता घासता. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बाळंतपणाला निघाल्या असताना गाडी केळीच्या बागांमध्ये बंद पडली. काय झालंय ते कळेना. उरलेली वाट त्या पायी गेल्या. बाई वाचली, मूल गेलं होतं.

"कुणी मला काही बोललं नाही, मास्तर. नंतर पाहिलं तर प्लगवर नुसती काजळी होती. पुसायचं काम."

त्यानंतर महिनाभर त्या रोज संध्याकाळी एका गॅरेजात जाऊन बसल्या.

एका दुपारी असोद्याहून एक आबा सायकल हाणत आले. धाप लागलेली.

"अक्का, लवकर चाला. पोरीले सकाळपासून लय त्रास होऊ राह्यला."

अक्कांनी बॅग घेतली, किक मारली. गाडी सुरू झाली आणि फाटकातून वळताना बंद पडली. पुन्हा तेच. मी आबांना रिक्षा बघायला पिटाळलं. अक्कांनी टाकीत वाकून पाहिलं, पेट्रोल होतं. प्लग काढून इंजिनावर टेकवला. "मास्तर, किक मारा."

निळी ठिणगी पडली. त्यांनी हँडल डावीकडे वळवलं. "आता मारा." काहीच नाही.

"वायर आतून तुटलीय," त्या म्हणाल्या. हँडलच्या मानेपाशी वायरींचा जुडगा होता. त्यातली एकेक वायर त्या दोन बोटांनी, नाडी बघावी तशी चाचपत गेल्या. एक जागा मऊ लागली. बॅगेतल्या कात्रीने तिथे कापलं, तांब्याच्या तारा एकमेकींत पिळल्या आणि वरून जखमेची चिकटपट्टी गुंडाळली. हात जराही हलत नव्हता. ओठ मात्र हलत होते. क्रमात तिसरा असलेल्याचं नाव घेत असाव्यात.

आबा रिक्षा न मिळताच परत आले. तोवर गाडी सुरू झाली होती. अक्का त्यांना मागे बसवून निघून गेल्या.

परतल्या तेव्हा दिवस मावळत होता. मी फाटकातच उभा होतो. "मुलगी झाली," म्हणाल्या. "नाळ गळ्याभोवती होती. रडायला वेळ लावला तिने." मग पायरीवर बसल्या. मी पाणी आणून दिलं. तांब्या दोन्ही हातांत धरून त्यांनी तो एका दमात रिकामा केला.

नव्वदच्या दशकात त्या निवृत्त झाल्या आणि भावाकडे धुळ्याला जायला निघाल्या. त्यांच्या जागी एक तरुण नर्स आली होती. आदला महिनाभर अक्कांनी तिला अंगणात बसवून सगळी गाडी खोलायला आणि जोडायला लावली होती. निघायच्या दिवशी किल्ली तिच्या हातात दिली. गाडी दोनदा बंद पडली. मी पुढे झालो, तर अक्कांनी माझा दंड धरला. "तिला बघू द्या."

तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. पोरगी वळणापलीकडे दिसेनाशी झाली, तरी अक्का फाटकात उभ्याच. दुरून इंजिनाचा आवाज बदलला.

"तिसरा गिअर पडला," त्या म्हणाल्या, आणि सामान घ्यायला आत गेल्या.