मंगळवारच्या माळ्याचे हात

वायसन काचिंग्वे आमच्याकडे मंगळवारी यायचा. सोमवारी वरच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे, बुधवारी कोपऱ्यावरच्या दोनमजली घरात, गुरुवारी शाळेतल्या बाईंकडे, शुक्रवारी तलावाजवळच्या म्हाताऱ्याकडे. आमच्या एमरेंशिया उपनगरातले माळी असेच वाटलेले असतात, एकेका वाराला एकेक घर. अकरा वर्षांत मी त्याला मंगळवार सोडून दुसऱ्या वारी पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा पाहिलं ते एका बुधवारी, आणि तसं होण्यात माझाही वाटा होता. म्हणून सांगतेय. नाहीतर बसून गोष्टी सांगायला मला वेळ कुठला.

मी सेलिना. याच घराच्या मागच्या खोलीत राहते, बावीस वर्षं झाली. धुणं, भांडी, फरशी, इस्त्री, मॅडमचा चहा, मॅडमच्या कुत्र्यांचं जेवण. गुडघे कामातून गेलेत, पण काम काही गुडघ्यांना विचारून येत नाही. ब्रॉनविन मॅडम तशा वाईट नाहीत. नवरा वारला, मुलं ऑस्ट्रेलियात, उरली दोन कुत्री. बिस्किट म्हणजे दहा वर्षांचा पिवळा, लठ्ठ, खादाड कुत्रा. दुसरी डोरा, हडकुळी. फाटकाशी येणाऱ्या प्रत्येक काळ्या माणसावर ती भुंकते. माझ्यावरही भुंकते, आणि तिच्या ताटात रोज वाढते कोण, तर मी.

वायसनवर मात्र दोघांचा जीव. तो मलावीचा, मांगोचीकडचा, तळ्याकाठचा, याओ जमातीचा माणूस. वय सत्तावन्न, उंच, खांद्यात वाकलेला. शहराबाहेर डीपस्लूटच्या वस्तीत पत्र्याच्या खोलीत आणखी दोघांबरोबर राहायचा आणि दोन शेअर टॅक्स्या बदलून सकाळी सातला फाटकावर हजर. बायको तिकडे गावी. डिसेंबरात घरं बंद झाली की बसने जायचा, तेही दरवर्षी जमायचं नाही. बोलणं कमी. मॅडम त्याच्यासाठी डुकराचं सॉसेज काढून ठेवायच्या, तो मुसलमान, कसा खाणार? पण मॅडमना तसं सांगायचा संकोच. मग ते सॉसेज मी खायची आणि त्याला पाव आणि डब्यातले मासे द्यायची. अकरा वर्षं मॅडमना वाटत होतं की वायसनला सॉसेज फार आवडतं.

त्याची एक गोष्ट मला पहिल्याच वर्षी दिसली. कुत्रं त्याला चाटलं की दुपारच्या नमाजाआधी तो बाजूच्या नळावर जायचा आणि हात सात वेळा धुवायचा. त्यातल्या एका वेळी मूठभर माती घेऊन, चोळून चोळून. मी कपडे वाळत घालताना बघत बसले.

"काय रे बाबा, राणीकडे जेवायला चाललायस का?" मी म्हटलं.

"तिच्याहून मोठ्याकडे, सिसी," तो म्हणाला. "कुत्र्याची लाळ लागली की आमच्यात असंच धुवावं लागतं."

"मग जवळ कशाला घेतोस त्याला? हाकल की."

"त्याचा काय दोष? त्याचं काम चाटायचं, माझं काम धुवायचं."

बहिणीला म्हणावं तसं तो मला सिसी म्हणायचा. मी त्याला बाबा म्हणायची, तो माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा असला तरी.

आता हिरवळीचं. सप्टेंबरात थंडी सरली की इथे घरोघर गवत बुडापासून कापतात, लांब दांड्याच्या काट्याने जमिनीत भोकं पाडतात आणि खत टाकतात. वायसनचा त्यातला शिरस्ता ठरलेला. आधी दोन्ही कुत्री मागच्या आवारात, माझ्या खोलीपाशी. त्यांची पाण्याची भांडीही मागे. मग बादलीतून खताचे दाणे हाताने फेकत जायचं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि परत आडवं. मग फरशीवर पडलेला एकेक दाणा झाडून गवतात. मग तासभर पाणी, दाणे विरघळून मुळाशी जाईपर्यंत. उरलेली पिशवी झाकणाच्या पिंपात, झाकणावर वीट. वाटेवर लाल सुतळी बांधायचा आणि मला बजावायचा, "गुरुवार सकाळपर्यंत यांना पुढे सोडायचं नाही, सिसी. पावसाने भिजलं तरी नाही. आधी सुकू दे." दोन दिवस डोरा माझ्या दाराशी रडायची आणि मी वायसनच्या नावाने बोटं मोडायची. पण अकरा वर्षांत एका कुत्र्याला साधी उलटी झाली नाही.

त्या वर्षी मॅडमनी कुठेतरी वाचलं की रासायनिक खत कुत्र्यांना वाईट. नर्सरीतून हाडांच्या खताची मोठी पिशवी घेऊन आल्या. पिशवीवर पानाचं चित्र.

"हे नैसर्गिक आहे वायसन," त्या म्हणाल्या. "आता कुत्र्यांना कोंडायची गरज नाही. बिचारी किती रडतात."

वायसनने पिशवी उघडली, वास घेतला आणि बिस्किटकडे पाहिलं. बिस्किट आधीच शेपटी हलवत उभा होता.

"मॅडम, ते दाणे कुत्रं हुंगतं आणि बहुतेक सोडून देतं. हा हाडांचा चुरा आहे. याला हे जेवणच वाटणार. पोटात जाऊन सिमेंटसारखा गोळा होईल."

"पण नैसर्गिक आहे."

"हो मॅडम," वायसन म्हणाला. एवढं बोलणंसुद्धा त्याच्या मानाने भाषण होतं. त्याने आपलंच केलं. कुत्री मागे कोंडली, कोंडताना बिस्किटने त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत चाटले, तरी कोंडली. चुरा अर्ध्या हिरवळीत खोल खुरपून घातला, वर पाणी मारलं, अर्धी उरलेली पिशवी पिंपात, झाकण, वीट, सुतळी. मग नळावर सात वेळा हात. तीन वाजता टॅक्सीसाठी निघून गेला.

चार वाजता मॅडमना आपल्या गुलाबांची आठवण झाली. त्यांनी पिंप उघडून पिशवी नेली, दोन मुठी घातल्या, तेवढ्यात ऑस्ट्रेलियाहून फोन आला. पिशवी ओट्याच्या पायरीशी उघडीच राहिली. मी कपड्यांची टोपली घेऊन तिथूनच गेले. पिशवी पाहिली. वाकायचं म्हणजे गुडघा, आणि हातात टोपली. म्हटलं, येताना उचलू. आत गेले तर इस्त्री, इस्त्रीनंतर स्वयंपाक. मधल्या वेळात मॅडमनी फोनवर बोलता बोलता कुत्र्यांना सोडलं, सुतळी ओलांडून.

सहा वाजता बिस्किट स्वयंपाकघराच्या दारात येऊन ओकला. तोंडातून लाळ, पोट टम्म, पाय लटपटत. मॅडम किंचाळल्या नाहीत, पांढऱ्या पडल्या फक्त. गेल्या महिन्यात आमच्या रस्त्यावर तीन कुत्री विषाने मेली होती. चोर आधी भिंतीवरून मांसात विष टाकतात, आणि आतली बातमी कोण देतं यावर सगळ्यांचं एकच उत्तर असतं: माळी, नाहीतर मोलकरीण. मॅडमनी बिस्किटला गाडीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं, ठेवून आल्या, आणि आल्या आल्या नळाच्या बाजूला लावलेल्या कॅमेऱ्यातलं दिवसभराचं बघायला बसल्या.

"सेलिना, इकडे ये. हे बघ."

पडद्यावर वायसन नळाशी. आवाज नाही, फक्त चित्र. हात धुतोय. परत धुतोय. वाकून माती घेतो, चोळतो. परत धुतो.

"माणूस असे हात कधी धुतो?" मॅडम म्हणाल्या. "हातावर काय होतं त्याच्या?"

मला माहीत होतं. तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यांचं काम होतं. पण पुढचा प्रश्न मला दिसत होता: मग बिस्किटने खाल्लं काय? पिशवी. पिशवी कोणी पाहिली? तू पाहिलीस, सेलिना, मग उचलली का नाहीस? बावीस वर्षं झाली, या वयात मला दुसरं घर कोण देणार, आणि खोली गेली तर मी जाणार कुठे? पाय दुखत होते. म्हटलं, सकाळी सांगू. रात्रभरात कुत्रं बरं होईल आणि सांगायची वेळच येणार नाही.

"मला काही कळत नाही, मॅडम," मी म्हटलं.

सकाळी सहाला शेजारच्या घरातल्या मोलकरणीने, प्रिन्सेसने, मला फोनवर दाखवलं. रस्त्यातल्या रहिवाशांच्या ग्रुपवर मॅडमनी टाकलेला वायसनचा फोटो, नळाशी वाकलेला, हातात माती. खाली लिहिलेलं: सावध राहा, हा माळी आपल्या भागात पाच घरी जातो. खाली चाळीस जणांची उत्तरं. मी वाचली नाहीत सगळी.

साडेसातला फाटकाची घंटा वाजली. बुधवार होता आणि बाहेर वायसन उभा होता.

"सिसी, कोपऱ्यावरच्या बाई फाटक उघडत नाहीत. आतून म्हणतात, पोलिसांना बोलावते. मी काय केलं?"

मी गजांतून त्याला फोन दाखवला. त्याने चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"हा तर मी नळावर आहे."

"हो."

"बिस्किटला काय झालं?"

"विष असं म्हणतात."

त्याने फोटोकडे परत पाहिलं. मग म्हणाला, "मी तिथे काय करतोय ते तुला माहितीय, सिसी. तू सांगितलंस ना त्यांना?"

त्याला खात्रीच होती. तो विचारत नव्हता, नुसतं बोलल्यासारखं बोलत होता.

"नाही बाबा," मी म्हटलं. "मी काही बोलले नाही."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त मान हलवली आणि भिंतीच्या सावलीत खाली बसला.

मी तशीच आत गेले. मॅडम झोपेच्या कपड्यांत चहाची वाट बघत होत्या. चहा न देताच मी सगळं सांगितलं. हात का धुतो. पिशवी कुठे होती. मी पाहिली आणि उचलली नाही. काल माहीत असून बोलले नाही. सॉसेजचंही सांगून टाकलं, कशाला सांगितलं देव जाणे. मॅडम थेट बाहेर गेल्या. पायरीशी पिशवी नव्हती. ती जास्वंदीच्या मागे सापडली, फाडलेली, आतून चाटून स्वच्छ केलेली. मॅडमनी तिथूनच डॉक्टरला फोन लावला. त्यांनी सकाळीच पोटाचा एक्स-रे काढला होता. मोठा पांढरा गोळा, विषाचा पत्ता नाही.

बिस्किट वाचला. पोट धुऊन काढलं, चार दिवस सलाइन, आणि घरी आल्या आल्या तो खरकट्याच्या बादलीकडे गेला. मॅडमनी ग्रुपवर लिहिलं की गैरसमज झाला, खताचा प्रकार होता. त्याखाली सहा जणांनी अंगठ्याचं चित्र टाकलं. चाळीस जणांना भीती वाचायला वेळ होता, माफी वाचायला सहांनाच. सोमवारच्या डॉक्टरांनी आणि शुक्रवारच्या म्हाताऱ्याने वायसनला ठेवलं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, आमचा विश्वास आहे हो, पण आता दुसरा माणूस ठरवलाय. कोपऱ्यावरच्या बाईंनी फाटक उघडलंच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, आणि दोरी धरायला मीही होते.

मला मॅडमनी काढलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "आपण दोघींनी ती पिशवी पाहिली होती, सेलिना."

पुढच्या मंगळवारी तो सातला आला. अर्धी हिरवळ राहिली होती. मॅडमनी जुन्या दाण्यांची पिशवी आणून ठेवली होती आणि स्वतः चहा घेऊन बाहेर आल्या.

"वायसन, मला फार वाईट वाटलं. नळ तुझाच आहे. हवं तितकं पाणी वापर."

"हो मॅडम," तो म्हणाला.

त्याने कुत्री मागे नेली. बिस्किट, पोटावरचे केस कापलेला, त्याच्या अंगावर चढून हात चाटायला लागला. वायसनने त्याला चाटू दिलं. मग दाणे, झाडणं, तासभर पाणी, पिंप, वीट, सुतळी. दुपारी तो नळाकडे वळेल म्हणून मी कपड्यांच्या दोरीशी थांबले. तो वळला नाही. त्याने पाण्याचा डबा भरला, वाफ्यातली मूठभर माती कागदात बांधली आणि फाटक उघडून बाहेर गेला, कॅमेऱ्याच्या पलीकडे, रस्त्याकडेच्या झाडाखाली.

एका हाताने डबा धरून दुसरा धुवायला त्याला जमेना. मी बाहेर गेले, त्याच्या हातातून डबा घेतला. त्याने दोन्ही हात पुढे केले. मी ओतत होते, तो मोजत होता. एक, मातीचा. दोन. तीन.

"मला माफ कर, बाबा," मी म्हटलं.

"नीट ओत, सिसी. चार."

कोपऱ्यावरच्या घरातून पांढरी गाडी आली आणि आमच्यापाशी हळू झाली. काच खाली झाली. आतल्या बाईंनी फोन उचलून आमच्याकडे धरला, जरा वेळ धरून ठेवला. वायसनने तिकडे बघितलं नाही. त्याचे हात पुढेच होते.

"पाच," तो म्हणाला, आणि मी पाणी ओतलं.