नाएकोवहिनी आणि सहा हात बर्फ

माझी वहिनी नाएको जपानच्या पार दक्षिणेकडच्या इशिगाकी बेटावरची. तिकडे जानेवारीतही लोक पातळ कपड्यांत हिंडतात. माझा भाऊ शिगेयुकी तिला लग्न करून निइगाताच्या डोंगरातल्या आमच्या गावी घेऊन आला तो जून महिन्यात. बर्फाबद्दल तिनं विचारलं होतं, तेव्हा हा गृहस्थ म्हणाला, "पडतो थोडाफार." आमच्याकडे सहा हात पडतो.

पहिल्याच हिवाळ्यात एकदा ती अंधार आहे म्हणून पुन्हा पुन्हा कूस बदलत राहिली. शेवटी घड्याळ पाहिलं, तर नऊ वाजून गेलेले. खालच्या मजल्याच्या खिडक्या बर्फानं बुजल्या होत्या. त्या दिवशी ती माडीच्या खिडकीतून बाहेर पडली आणि थेट माझ्या दारात येऊन रडली.

"हे काय माणसांनी राहायचं ठिकाण आहे? सकाळी उपसते, जेवून येते तर पुन्हा तेवढाच!"

"मग जेवण उशिरा करत जा," मी म्हटलं. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

भाऊ गावचा बर्फ काढायचं यंत्र चालवायचा. पहाटे निघायचा, परतल्यावर मेल्यासारखा झोपायचा. त्यामुळे घर दबू नये म्हणून छपरावरचा बर्फ उतरवणं वहिनीच्या वाट्याला यायचं. रागावलेल्या माणसानं भांडी घासावीत तसा ती बर्फ काढायची. निम्मा खाली पडायचा, निम्मा तिच्याच अंगावर.

तिसऱ्या हिवाळ्यात तिनं बॅग भरली. सामान दाराशी आणून ठेवलं, पण रस्ता बंद. त्या तिरमिरीतच ती फावडं घेऊन छपरावर चढली, कमरेला दोर न बांधता. पाय सरकला, आणि छपरावरच्या थरासकट वहिनी खालच्या ढिगात काखेपर्यंत रुतली. कुठं लागलं नाही, पण हलताही येईना. हाका मारल्या, तर बर्फानं आवाजच गिळला. मग तिनं आपल्या बेटावरच्या भाषेत शिव्या घातल्या. भावाला, बर्फाला, मलाही.

शेजारच्या तोमेआजी तेव्हा एक्याऐंशीच्या. त्या आल्या, समोर उभ्या राहिल्या आणि आधी पोटभर हसल्या.

"आजी, हसताय काय! काढा मला!"

"काढते गं. तीन वर्षांत पहिल्यांदाच एका जागी स्थिर दिसतेयस, जरा बघू तरी दे."

आजी खणायला लागल्या. घाई नाही, जोर नाही. फावड्यानं चौकोनी वडी पाडायची, थोडी तिरकी करायची आणि सरकवून द्यायची. अडकलेल्या वहिनीला बघण्यावाचून उद्योग नव्हता. तिनं एकेक वडी सुटताना पाहिली. वडीच्या कापलेल्या बाजूला फिकट निळा रंग होता. तीन वर्षं उपसूनही तो तिला दिसला नव्हता.

"आजी, हा निळा आहे!"

"मग? आजवर डोळे मिटून उपसत होतीस?"

सुटका झाल्यावर आजींनी तिला घरी नेलं नाही, आपल्या मळ्यात नेलं. दोघींनी मिळून खड्डा खणला. तळाशी माती निघाली आणि मातीत गाजरं. बर्फाखाली दोन महिने राहून ती इतकी गोड झाली होती, की वहिनीनं पहिलं तिथंच उभ्या उभ्या खाल्लं, दुसरंही. तिसरं माझ्यासाठी आणलं, पण वाटेत अर्धं संपवलं.

तीन दिवसांनी रस्ता मोकळा झाला. भाऊ बॅगेकडे बघत दारात उभा राहिला. "सोडून येऊ का स्टेशनवर?" त्यानं हळूच विचारलं.

"आज नको. आजींचं छप्पर राहिलंय," वहिनी म्हणाली.

पुढं तिनंही आपल्या मळ्यात गाजरं लावली. तोमेआजींचं छप्पर तर शेवटपर्यंत तिनंच पाहिलं. कुरकुर काही सुटली नाही. डिसेंबर आला की कंबर धरून आम्हा सगळ्यांचा उद्धार करते. पण चार वर्षांपूर्वी जानेवारीत नुसताच पाऊस लागला. गावानं सुटकेचा निःश्वास सोडला. ही मात्र दिवसातून दहादा अंगणात जाऊन आभाळाकडे बघायची, सून नांदायला येत नाही म्हणून सासूनं बघावं तसं.

आता ती अठ्ठावन्नची आहे. गेल्या आठवड्यात मी तिच्या घरावरून जात होते, तर बाई छपरावर उताण्या पडलेल्या. कमरेला दोर, शेजारी चहाचा थर्मास.

"वहिनी, अगं काम टाकून हे काय?" मी ओरडले.

"आरडाओरडा करू नकोस. वर ये. इथून नदी दिसते."

माझा जन्म या गावातला. छपरावर मी शेकडो वेळा चढलेय, ती फावडं घेऊनच. त्या दिवशी रिकाम्या हातांनी चढले. वहिनीनं आधी माझ्या कमरेला दोर बांधला, मग चहा ओतला.