चादरीखालचा पाय

माझं सासर अकोल्याच्या जुन्या शहरात आहे. तिथं आजाऱ्याला भेटायला येणाऱ्यांचा एक जन्मसिद्ध हक्क मानतात: पेशंट आडवा दिसला पाहिजे. उठून बसलेला पेशंट म्हणजे त्यांचा अपमान.

मी अमरावतीच्या शाळेत मुलींना कबड्डी शिकवते. पकड दाखवताना डावा गुडघा फिरला, लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं आणि आरामासाठी मला अकोल्याला नेलं. निघण्याआधी फिजिओथेरपिस्ट बाईंनी दोन्ही मांड्यांना चिकट पट्ट्या लावल्या. "मांडी आवळा" म्हटलं की पट्ट्यांना जोडलेल्या यंत्रावर उजवीची रेघ उसळायची, डावीची नुसती पडून. गुडघ्याला मार बसला की मांडीचा पुढचा स्नायू कामच सोडतो म्हणे. आमचा एक चुलतदीर पंगतीला पहिला असतो आणि खुर्च्या उचलायच्या वेळी गायब होतो, त्यातलाच हा. "हा जागा झाला नाही, तर मैदान विसरा," त्या म्हणाल्या. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबत राहायचं, एवढंच काम. मैदान नसेल तर मी काय करू, शिट्टी गळ्यात अडकवून हजेरी घेऊ?

पण गुंडाळी ठेवली की फाटक वाजायचं आणि सासूबाई धावत यायच्या. "आडवी हो वो लवकर! पाय हालवून राहिली, लोकं काय म्हणतीन?" गुंडाळी पलंगाखाली, पायाखाली उशी, वर चादर. मग चहा, केळी आणि प्रत्येकाच्या ओळखीतला एकेक लंगडा. चादर सारून माझी वाळलेली मांडी बघून मंडळींना समाधान वाटायचं. त्यावर उपाय काय, तर आणखी आराम! यांच्या डोक्यांनाही पट्ट्या लावून रेघ बघावी, असं मला वाटे.

शेवटी मी चादरीखालीच सुरू केलं. ते बोलत, मी गुडघ्यानं उशी दाबत असे. मांडी ढिम्म. मला तिचा राग यायचा, रात्री भीतीही वाटायची.

एके दुपारी बार्शीटाकळीहून आतेसासूबाई आल्या. पलंगावर ऐसपैस बसून, माझ्या त्याच मांडीवर हात ठेवून, लवकर उठल्यामुळे वाया गेलेल्या कुणा बाईची कथा सांगू लागल्या. मी नेहमीसारखी उशी दाबली आणि त्यांच्या हाताखाली मांडी आवळली गेली. खरंच आवळली.

"बाप्पा! इची मांडी कडक झाली वो! पाय धरा इचा!"

दोन्ही जावा धावल्या आणि त्यांनी पाय दाबून धरला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येऊ लागलं.

"पाहा, दुखून राहिलं तिले," आतेसासूबाई विजयी मुद्रेनं म्हणाल्या. "मी सांगतच होती, आराम पायजे."

इतका आनंद मला कबड्डीत जिंकलेल्या कुठल्या ढालीनं दिला नव्हता.

"सोडू नका, जोरानं धरा," मी जावांना म्हणाले आणि त्यांच्या हातांखाली मांडी पुन्हा आवळली.