पिपातला वास

त्या रविवारी मित्रांसमोर मी जे बोललो, त्यातला एकही शब्द माझा नव्हता. सगळे बायकोचे होते, आणि ती आत भजी तळत ते ऐकत होती.

स्कॉचची ती बाटली मी परदेशातून येताना विमानतळावर घेतली होती. एकाच लाकडी पिपातली. एरवी अनेक पिपांतली व्हिस्की एकत्र करून चव सारखी राखतात. हिचं तसं नव्हतं. एका पिपातून निघाल्या तेवढ्याच बाटल्या, प्रत्येकीवर हाताने लिहिलेला क्रमांक. त्या संपल्या की ती चव जगातून संपली. या विचाराचंच मला दडपण आलं होतं.

शनिवारी संध्याकाळी कर्वेनगरच्या घरी थोडी ग्लासात ओतली. मला फक्त जळजळ कळली. बायको शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"बघ बरं, कसला वास येतो?"

"मी पिणार नाही हं."

"नुसता वास घे."

तिने ग्लास नाकापासून जरा लांब धरला आणि डोळे मिटले. "काकवी. कढईत करपायच्या जरा आधीची." तिचं माहेर धायरीचं, लहानपणी त्यांच्या शेतात गुऱ्हाळ चालायचं. "आणि आंब्याच्या अढीतला पेंढा. आंबे काढून घेतल्यावर उरतो ना, तो."

मी चार थेंब पाणी घातलं. तिने पुन्हा वास घेतला आणि दचकून माझ्याकडे पाहिलं. "अहो, हा बदलला की! आता चिंचेने घासलेलं तांब्याचं भांडं."

मी घाईने ग्लास घेतला. आणि खरंच, सगळं तिथे होतं. क्षणापूर्वी नव्हतं, तिने म्हटलं आणि आलं. अंगावर काटा आला. कुठल्या थंड देशातल्या गोदामात वर्षानुवर्षं अंधारात पडून राहिलेलं ते पीप, आणि त्याच्या पोटातलं सगळं धायरीच्या शेतावर वाढलेल्या मुलीच्या ओळखीचं! बावीस वर्षं मी या नाकाशेजारी राहत होतो.

दुसऱ्या दिवशी दोन जुने मित्र आले. मी काकवी सांगितली, पेंढा सांगितला, पाणी घालून तांब्याचं भांडंही सांगितलं. तिच्यासारखे डोळेसुद्धा मिटले.

"काय नाक आहे रे तुझं! इतकी वर्षं कुठे लपवलं होतंस?" एक मित्र म्हणाला.

मी नुसता हसलो. तेवढ्यात तिने भज्यांची ताटली टेबलावर ठेवली. "गरम आहेत तोवर खा. कांद्याची आहेत, वासावरून कळलंच असेल," म्हणाली आणि आत गेली.

पुढचे दोन दिवस ती कामापुरतं बोलली. मंगळवारी चहा घेताना मी कसंबसं म्हटलं, "त्या दिवशी माझं जरा चुकलं."

"चोरी चारचौघांत, आणि माफी एकांतात होय?" ती म्हणाली आणि कप उचलून गेली.

पुढच्या रविवारी मी मित्रांना पुन्हा बोलावलं. टेबलाशी चौथी खुर्ची ओढली आणि तिला बाहेर येऊन बसायला सांगितलं. ती पदराला हात पुसत, अवघडून बसली.

"मागच्या वेळी मी जे जे सांगितलं, ते हिने ओळखलं होतं. मला काहीही कळलं नव्हतं. तुम्ही कौतुक केलंत, ते मी गुपचूप घेतलं." मग मी तिच्याकडे वळलो. "आणि इतक्या वर्षांत आमच्यात बसतेस का, असं तुला एकदाही विचारलं नाही. माझं चुकलं. मला माफ कर."