कावळ्याचं पान

नवऱ्याच्या थडग्यावर चमच्याने टकटक करून ती जर्मन म्हातारी म्हणायची, "आल्झो, काफे!" म्हणजे, चला, कॉफी. मग थर्मास, केक, दोन कप. एक तिचा, एक मेलेल्याचा. त्याचाही तीच प्यायची.

जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या त्या स्मशानात तिच्या नवऱ्याशेजारी माझी बायको आहे. इथे अस्थी नदीत सोडू देत नाहीत, घरीही ठेवू देत नाहीत, म्हणून मुलाने कलश तिथे पुरला. आपल्याकडे स्मशानातून आलं की अंघोळीशिवाय पाणी पीत नाहीत. आणि ही बया ओठाला साय लावून बसलेली! मी दिसलो की केक पुढे. "एसेन, एसेन!" खा, खा.

"अहो बाई, लाज वाटते का? माणसं निजलीत इथं!" मी मराठीत ओरडायचो.

"गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर. वर आणखी मोठा तुकडा कापायची. सांगा, हिच्याशी भांडायचं कसं?

वर्षश्राद्धाचं पान मी हट्टाने तिथेच नेलं. सुनेने वरणभात, वडे, खीर केली होती. कावळा शिवल्याशिवाय मी जेवणार नव्हतो. कावळे समोर झाडावर, पण एक खाली उतरेना.

"बाबा, थंडी आहे. चला आता," मुलगा म्हणाला.

मी कसला हलतो! माझ्या बायकोचं काहीतरी मनात राहिलंय. लांब उभा राहून मोठ्याने कबूल करत गेलो. गोळ्या घेईन. सुनेच्या हाताला नावं ठेवणार नाही. गावी जातो म्हणून कटकट करणार नाही. कावळे ढिम्म.

तेवढ्यात म्हातारी आली. पान बघून असा चेहरा फुलला, जणू आम्हाला शेवटी अक्कल आली. घडीचं स्टूल मांडून बसलीच. मी धावलो, पण गुडघे माझे. पोचेपर्यंत अर्धा वडा पोटात.

"अहो, ते कावळ्याचं आहे!"

ती तोंडात घास घेऊन माझ्या बायकोच्या दगडाशी काहीतरी बोलली.

"काय म्हणते रे ही?"

मुलगा जमिनीकडे बघत म्हणाला, "आईला म्हणते, फार चांगलं झालंय. तुझ्या नवऱ्याला का उपाशी ठेवलंस?"

मी तिथेच बसलो. तिने पुढे केलं ते खाल्लं. कावळा शेवटपर्यंत आला नाही. पान शिवलं की नाही, ते मी कुणाला विचारलंही नाही.

म्हातारी या हिवाळ्यात गेली. नवऱ्याच्याच दगडाखाली आहे. परवा तिथे बाकावर डबा उघडला, तर स्मशानाचा माणूस आला बोट नाचवत. इथे खायला मनाई आहे म्हणे.

"मला काय सांगतोस?" मी म्हटलं. "या दोघींना सांग."